अवेटने आपल्याला आळशी केलंय का?

अर्धविराम
२०१७ साली नोड ७.६ मध्ये (नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) असिंक-अवेट, म्हणजे 'हे काम होईपर्यंत या ओळीवर थांब' असं सांगायची सोय, वेगळा फ्लॅग न लावता चालायला लागलं आणि सगळे हुश्श झाले. मीही. पण कॉलबॅकच्या ('काम झालं की हे फंक्शन चालव' असं सांगायची जुनी पद्धत) त्या उतरंडीत कुठे थांबायचं आणि कुठे नाही ते डोळ्यांना दिसायचं. आता ओळीखाली ओळ अवेट लिहीत जायचं, की झालं.

मागच्या महिन्यात एक पान उघडायला सव्वा सेकंद लागत होता. बघतो तर फॉर लूपमध्ये अवेट! ४० ऑर्डरी, प्रत्येकीमागे डेटाबेसला एक क्वेरी, प्रत्येक क्वेरीला ३० मिलिसेकंद, आणि एक संपल्यावरच दुसरी. लिहिणारा कच्चा नव्हता. कोड इतका निरागस दिसत होता, की रिव्ह्यूत कुणाची नजरच अडली नाही (रिव्ह्यू मीच केला होता). कॉलबॅकमध्ये असा लूप लिहायलाच घाम फुटला असता.

तिरकस
दार सहज उघडतं, सबब कडी गंजलेलीच बरी होती, असं म्हणणं आहे का? कॉलबॅकच्या काळात एरर तपासायला विसरलात की कोड खुशाल पुढे जायचा. रिटर्न राहिलं की तोच कॉलबॅक दोनदा, आणि लॉगमध्ये 'हेडर आधीच पाठवलेत'. नोडचा जनक रायन डाल याने २०१० मध्ये नोडमधून प्रॉमिस (पुढे मिळणाऱ्या उत्तराची पावती, अवेट तिच्यावरच चालतो) काढून टाकली, आणि २०१८ साली स्टेजवरून कबूल केलं की ती ठेवायला हवी होती. तुम्हाला कशाची आठवण येतेय कळत नाही.

अर्धविराम
परत जा असं कुठे म्हटलं? पुढचं ऐका. लूप काढून प्रॉमिस डॉट ऑल लावलं, म्हणजे सगळ्या क्वेऱ्या एकदम सोडल्या. पान पटकन उघडायला लागलं, पण लॉगिन रखडायला लागलं. डेटाबेसच्या पूलमध्ये कनेक्शन १०, म्हणजे एका वेळी दहाच क्वेऱ्या. या पानाच्या ४० क्वेऱ्या एकदम रांगेत शिरल्या, की लॉगिनची एवढीशी क्वेरी त्यांच्या मागे ताटकळत उभी.

खालचा_मजला
४० क्वेऱ्या मुळात कशाला? सगळे आयडी गोळा करून एकच 'इन'वाली क्वेरी मारा. अवेटला उगाच बदनाम करताय.

अर्धविराम
त्या पानापुरतं मान्य, शेवटी तेच केलं. पण बाहेरच्या सेवेला प्रत्येक ऑर्डरची स्थिती विचारायची असेल, तर तिथे कुठलं 'इन'? तिथे पाच-पाचच्या गटांनीच जावं लागतं. आणि हा पाचचा आकडा अवेट सुचवत नाही, प्रॉमिस डॉट ऑलही नाही.

धागेदोरे
म्हणून आम्ही जावाकडे. २१ व्या आवृत्तीपासून व्हर्च्युअल थ्रेड (एकाच वेळी ढिगाने चालवता येणारे हलके धागे) आहेत, साधा सरळ कोड लिहा, अवेटची भानगडच नाही.

तिरकस
मग तुमचा फॉर लूपही एकापाठोपाठच चालतो की हो! उलट नोडमध्ये अवेट दिसला की सावध तरी होता येतं. मेमरीतला शिल्लक आकडा वाचला, मध्ये एक अवेट, मग आकडा कमी करून लिहिला. त्या अवेटपाशी दुसरी रिक्वेस्ट घुसून तोच जुना आकडा वाचून जाते. शेवटची एक वस्तू दोघांना विकली जाते ती अशी. दोन अवेटच्या मधल्या ओळींत मात्र दुसरं कुणी शिरत नाही. तुमच्याकडे कुठल्याही ओळीला शिरू शकतं.

धागेदोरे
त्यासाठी लॉक असतात, एका वेळी एकालाच आत सोडणारे.

तिरकस
असतात. लावायची आठवण राहायला हवी.

नवखी
मध्येच विचारते. ट्रायच्या (ज्यातली एरर खालच्या कॅचने पकडायची तो भाग) आत नुसतं 'रिटर्न' करून प्रॉमिस परत दिलं, तर खालच्या कॅचमध्ये एरर येतच नाही. माझी कालची अख्खी दुपार यात गेली.

तिरकस
येणार नाही. प्रॉमिस फुटेपर्यंत तुमचं फंक्शन ट्रायमधून कधीच बाहेर पडलेलं असतं. 'रिटर्न अवेट' लिहा. आणि बोलावणाऱ्यानेही पकडलं नाही, तर नोड १५ पासून अख्खी प्रोसेस खाली बसते. आधी नुसती वॉर्निंग यायची.

अर्धविराम
बघा, 'अवेट' लिहायला हवा तिथे राहतो, नको तिथे पडतो. मी तर ईएसलिंटचा (कोड तपासून चुका दाखवणारं साधन) लूपमधल्या अवेटला हटकणारा नियम आज चालू केला.

तिरकस
तो तुमच्या पाच-पाचच्या गटांनाही हटकेल. तिथेही लूपमध्ये अवेटच आहे.

अर्धविराम
हटकू दे. तेवढ्या ओळीपुरता बंद करीन, वर कॉमेंटमध्ये कारण लिहून.

खालचा_मजला
आणि रिव्ह्यू कोण करणार? तुम्हीच ना?