कुणबी साडी आणि फॅशनचं समाजशास्त्र: प्रदर्शन कसं मांडावं?

पणजीकर: पावसाळ्यात मडगावात छोटं प्रदर्शन आहे. सहा पेहराव, त्यांत गोव्यातली कुणबी साडी, सोबत थोडं मानसशास्त्र नि समाजशास्त्र. भिंतीवर किती लिहावं? कापडाला काय जपावं?

फातोर्डेकर: एका पेहरावाला एकच प्रश्न, पन्नासेक शब्दांत. जर्मन समाजशास्त्रज्ञ सिमेलचं फॅशनबद्दलचं 1904 चं म्हणणं असं: वरचा वर्ग वेगळं दिसू पाहतो, खालचा नक्कल करतो, मग वरचा ती फॅशन टाकून देतो. कुणबी साडीला हे डोळे झाकून लावू नका. शेतात राबणाऱ्या बायांची ही लाल चौकड्यांची साडी गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी रॅम्पवर नेली, म्हणजे ओघ उलटा! तेच दाखवा. खांद्यावरची गाठ नजरेच्या उंचीला आली पाहिजे.

डिचोलीवाला: प्रकाश 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आत, उडालेला रंग परत येत नाही. आर्द्रता 65 टक्क्यांवर टिकली की बुरशी आलीच. घोळ होतो तो रात्री एसी बंद केल्यावर, गार कापडाला दमट हवा लागते. डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) चोवीस तास चालवा, टाकी वेळेवर रिकामी करा. जुनी साडी पिनांवर टांगू नका, वजनानं वीण फाटते. पुतळ्याला धुतलेलं मांजरपाट गुंडाळा.

पणजीकर: आरसा ठेवू?

फातोर्डेकर: ठेवा, पण दिव्याचा झोत त्यावरून कापडावर पडता कामा नये.