वैमानिक होता येईल असं दिसत नाही. विमानांजवळ राहायचे बाकी रस्ते कोणते?

ठिपक्यांतला_आकडा
वय १९. सातवीपासून वैमानिकच व्हायचं ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात वैद्यकीय तपासणीत इशिहाराची ठिपक्यांची पानं दाखवली. एका पानावर सगळ्यांना ७४ दिसतो म्हणे. मला २१ दिसला, आणि मी तो अगदी ठणकावून सांगितला. लाल-हिरव्यात माझी गडबड आहे. पुढच्या चाचण्या देणारच आहे, पण सगळं त्यांच्यावर टांगून ठेवायचं नाही.

'या क्षेत्रात भरपूर संधी आहेत' असं कृपया सांगू नका, ते माहितीपत्रकात वाचून झालंय. तुम्ही कामावर गेल्यावर नेमकं काय करता ते सांगा. एक जण म्हणाला, कंट्रोलर हो, म्हणजे जमिनीवरून वैमानिकांना रेडिओवर सूचना देणारा हवाई वाहतूक नियंत्रक. गणित बरं आहे, रात्री जागता येतं. फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मात्र घसा कोरडा पडतो.

रातपाळी
वयाने बराच मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतो. कंट्रोलरच्या वैद्यकीय तपासणीतही रंगदृष्टी बघतात. तेव्हा अर्ज भरण्याआधी तिथे तुझं काय होईल ते विचारून घे.

मी फ्लाइट डिस्पॅचर, १६ वर्षं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत या परवान्याला किमान वय २१ आहे आणि वैद्यकीय प्रमाणपत्राची अट नाही. देश किंवा कंपनी वरून आपली अट घालू शकते, ते तपास. विमान सुटायच्या काही तास आधी त्याचं अख्खं उड्डाण आम्ही कागदावर करून बघतो. वारा, मार्ग, बंद असलेल्या धावपट्ट्या, वजन, इंधन. ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर कुठे जायचं, तेही त्यातच. आणि हे सगळं झाल्यावर जेट विमानाच्या टाकीत अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं इंधन राखीव उरलं पाहिजे. त्याला हिशोबात हात लावायचा नाही.

मागच्या हिवाळ्यातली एक रात्र सांगतो. पोचायच्या विमानतळावर तापमान ९, दवबिंदू ८ (हवा तेवढी थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं), वारा जवळपास नाही. अंदाजात धुक्याचा उल्लेख नव्हता, पण हे दोन आकडे एकमेकांना टेकायला आले की मला खुर्चीत बसवत नाही. जवळचा पर्यायी विमानतळ त्याच खोऱ्यात. इथे धुकं धरलं तर तिथेही धरणार. म्हणून लांबचा घेतला, इंधन १,४०० किलोंनी वाढलं. तेवढं वजन बसवायला मालाचं एक पॅलेट खाली ठेवावं लागलं आणि कार्गोवाल्यांनी फोनवर माझा यथेच्छ उद्धार केला. मग कॅप्टनचा फोन, "एवढं कशाला?" मी दोन्ही आकडे वाचून दाखवले. दोन सेकंद गप्प बसला. म्हणाला, "आणखी ३०० टाक."

धुकं आलंच नाही. विमान वेळेवर उतरलं, आणि माल का राहिला म्हणून सकाळी माझ्याकडे विचारणा झाली. आज तेच आकडे समोर आले तर मी तेच करीन. पण तू घरी जाऊन 'आज काय केलं' ते सांगायला लागलास तर कुणाला काही कळणार नाही, हे धरून चाल. विमानही दिसत नाही. आमच्या खोलीला खिडकीच नाही.

तुझ्यासाठी दोन अडचणी. पावसाळी ढगांचं रडारचं चित्र पडद्यावर हिरवं-पिवळं-लाल असतं, तेव्हा मुलाखतीत रंगांचं लपवू नकोस, सरळ विचार. दुसरी फोनची. तो घसा ओला करायला लागेल, अर्धी नोकरी फोनवर आहे.

पाना_आणि_पदर
मी देखभालीत, इंजिनांवर. इथेही तारांचे रंग ओळखावे लागतात, पण सगळीच कामं तारांची नसतात. परवाना देणाऱ्यांना विचार.

आमच्याकडे पाळी संपली की हत्यारं मोजायची. फोममध्ये प्रत्येकाच्या आकाराचा खड्डा असतो, एक रिकामा दिसला तर विमान हलत नाही. एकदा १० मिलिमीटरच्या सॉकेटसाठी चौघं दोन तास इंजिनाखाली टॉर्च घेऊन लोळलो. सापडला माझ्याच पँटच्या दुमडीत. कोणी ओरडलं नाही, उलट मोजणी लपवली नाही म्हणून साहेबांनी पाठ थोपटली.

१९९० मधली एक घटना नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगते. कॉकपिटची काच बदलताना ९० पैकी ८४ बोल्ट बारीक व्यासाचे लागले. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतले होते. काच हवेत उडाली, कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला, आणि केबिन क्रूने त्याला विमान उतरेपर्यंत धरून ठेवलं. तो वाचला. 'साधारण तेवढाच' म्हणायची सवय असेल तर आमच्याकडे येऊ नकोस.

तोल_सांभाळा
लोड कंट्रोल. कोणता माल कुठल्या कप्प्यात, म्हणजे विमानाचा तोल मर्यादेत राहील, हे मी ठरवते. उतरवतानाही क्रम असतो. पुढचा भाग आधी रिकामा करून मागचा भरलेला ठेवला तर उभ्या विमानाचं नाक वर उचलतं आणि शेपूट जमिनीला टेकतं. गणित आवडतं म्हणतोस ना, बघ. परवान्याचा सोपस्कारही कमी.

ठिपक्यांतला_आकडा
रातपाळी दादा, तुमच्या खोलीला खिडकी नाही हे वाचून आधी वाईट वाटलं. मग दवबिंदूचा परिच्छेद तीनदा वाचला. डिस्पॅचच्या अभ्यासक्रमाची चौकशी करतो, फोन करूनच. ताई, लोड कंट्रोलचंही विचारतो.

एक राहिलं. कार्गोवाले नेमकं काय म्हणाले?

रातपाळी
इथे लिहिलं तर धागा उडेल.