ट्रेलरवर ताडपत्री टाकायला सोपा अन् सुरक्षित उपाय सांगा (बजेट 60 हजार)

कळमेश्वर_डिस्पॅच
नमस्कार मंडळी. कळमेश्वर रोडवर एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधतात तिथं) डिस्पॅच पाहतो. सीझनमध्ये रोज पाच-सहा चाळीस फुटी ट्रेलर निघतात, एका गाडीवर दीडशेच्या आसपास गाठी. 170 किलोची एक गाठ, चार थर, म्हणजे वरचा थर जमिनीपासून 12 फुटांवर. तिथं तीन-चार हमाल चढतात, ताडपत्री पसरवतात, दोर खाली टाकतात. पाऊण तास जातो.
मागच्या मंगळवारी एकाचा पाय दोन गाठींच्या फटीत गेला अन् तो बाजूनं खाली आला. खाली सरकीचा ढीग होता म्हणून मनगटावर निभावलं. तेव्हापासून बाकीचे वर चढायला कुरकुर करून राहिले, अन् खरं सांगू, त्यांचं चुकत नाही.
अंगण उघडं आहे, डोक्यावर शेड नाही. मालकानं 60 हजार मंजूर केले. काय घ्यावं?

इतवारी_ताडपत्री
भाऊ, पहिले ताडपत्री कोणती वापरता ते सांगा. अर्धा त्रास तिथंच असतो. मी 2016 मध्ये पीव्हीसी कोटेड 600 जीएसएम (एका चौरस मीटरला 600 ग्रॅम) घेतली, आजपर्यंत एक भोक नाही. 60 हजारात दोन मस्त येतील.

वाडीनाका_ड्रायव्हर
22 वर्षं गाडी चालवतो. बेल्ट नाही, शिडी नाही, टायरवर पाय अन् दोर धरून वर. आजपर्यंत पडलो नाही. आजकालच्या पोरांना सगळं हातात पाह्यजे. अन् ताडपत्री बांधायचे पैसे ड्रायव्हरला कोणी देत नाही, त्याच्यावर काढा ना एखादा धागा!

बुटीबोरी_मेंटेनन्स
आमच्याकडे ताडपत्रीसाठी वेगळा बे (गाडी उभी करायची जागा) आहे. दोन्ही बाजूंनी जाळीचे प्लॅटफॉर्म, गाडी आत आली की रेलिंग खाली येतं. वर बीमवर होइस्ट (वजन उचलायचं यंत्र), त्याला आडवा पाइप, त्यावर ताडपत्री. होइस्ट चालत जातो तशी ती मागून पुढं पसरत येते. माणूस मालावर पायच ठेवत नाही. गाडीमागं दहा-बारा मिनिटं. खर्च नऊ लाखांच्या घरात गेला, पण एकदाच करा अन् नीट करा.

कळमेश्वर_डिस्पॅच
दादा, 60 हजार. साठ.

हिंगणा_फॅब्रिकेशन
चाकाची शिडी घ्या. वर छोटा प्लॅटफॉर्म, तिन्ही बाजूंनी रेलिंग, खाली ब्रेक. 40 हजारात बनवून देतो, व्यनि (खासगी निरोप) करा.

सेफ्टीवाले_काका
कोणी सेफ्टी बेल्ट सुचवायच्या आधी हे वाचा. कमरेचा पट्टा तर नकोच, फुल बॉडी हार्नेस (खांदे अन् मांड्यांतून बांधायचा पट्टा) लागतो, त्याचं भारतीय मानक आयएस 3521. पण बिनछताच्या अंगणात तो अडकवणार कशाला? गाठीच्या पट्टीला? गाडीच्या दोरीला?
हिशोब करा. दोर सहा फुटांचा. झटका बसला की दोरातला शॉक अॅब्सॉर्बर (झटका झेलणारी घडी) उघडतो, त्याचे चार-पाच फूट. त्याखाली लटकलेलं माणसाचं शरीर. पायाजवळ हुक लावला तर थांबायला 17-18 फूट मोकळी जागा लागते, अन् तुमचा माल 12 फूट. म्हणजे बेल्ट घालूनही माणूस जमिनीवरच थांबतो. हुक डोक्याच्या वर पाहिजे, दोर आपोआप आत ओढणाऱ्या ब्लॉकला. त्यासाठी खांब अन् बीम, म्हणजे पुन्हा बुटीबोरीवाल्याचं बजेट.

संत्रानगरी_45डिग्री
काका, एवढं काहून? अंगणात झाड असेल ना, त्याला पुली बांधा.

कळमेश्वर_डिस्पॅच
एक कडुलिंब आहे. त्याच्याखाली मालकाची गाडी असते, तिथं ट्रेलर लावू देत नाही.

इतवारी_ताडपत्री
माझ्या मुद्द्याचं उत्तर आलं नाही. हलकी एचडीपीई (विणलेल्या प्लास्टिकची) वापरत असाल तर वाऱ्यात फडफडणारच, अन् फडफडली की माणूस तोल जाऊन पडणारच. जड घ्या.

हिंगणघाटची_ताई
इतवारीवाल्या दादांशी मी पूर्ण असहमत. आमचीही जिनिंग आहे, हिशोब मी पाहते. चाळीस फुटी गाडीला खालपर्यंत पदर सोडायचा तर 24 बाय 56 ची ताडपत्री लागते. 600 जीएसएममध्ये ती 75 किलो भरते. 75 किलो चार माणसांनी 12 फुटांवर ओढायची! आम्ही 250 जीएसएमच्या दोन वापरतो, 24 बाय 30 च्या. एक 17 किलोच्या आत. आधी मागची टाकायची, मग पुढची, पुढचीचा पदर मागचीवर आला पाहिजे, कौलासारखा. उलटं केलं तर समृद्धी महामार्गावर वारा जोडात शिरतो अन् मेहकर येईपर्यंत चिंध्या.
अन् घडी. दोन्ही बाजू मधल्या रेषेपर्यंत दुमडा, मग मागून पुढं गुंडाळी करा. गुंडाळी फोर्कलिफ्टनं मालाच्या मध्यावर ठेवायची. वर एकच माणूस, तो मधोमध चालत उलगडतो, कडेला जातच नाही. कडा खालून दोरानं ओढायच्या. आमचा वेळ निम्मा झाला, पैसा शून्य.

वाडीनाका_ड्रायव्हर
फोर्कलिफ्टच आहे तर माणसालाच फोर्कवर उभा करून वर पाठवा. पॅलेट ठेवा खाली.

सेफ्टीवाले_काका
नका! फोर्कवर माणूस कधीच नाही. ऑपरेटरचा पाय जरा घसरला की संपलं.

वाडीनाका_ड्रायव्हर
काका तुमी कधी ट्रकवर चढले का?

सेफ्टीवाले_काका
चढलो, पडलो, म्हणूनच बोलून राहिलो. डाव्या घोट्यात अजून रॉड आहे.

बोखारा_बिल्डर
एक लोखंडी पाइप घ्या, 15 फुटी, टोकाला हुक. खालूनच ताडपत्री सारखी करता येते. आम्ही रेतीच्या टिप्परवर हेच करतो.

हिंगणघाटची_ताई
लोखंडी पाइप धरायच्या आधी वर पाहा, वायर कुठून गेली. आमच्या गेटवरून 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) लाइन जाते. 12 फुटांच्या मालावर उभं राहून पाइप उचलला तर काय होईल ते सांगायला नको. कोरड्या बांबूवरही भरवसा नको, लाइनपासून लांबच राहा.

कळमेश्वर_डिस्पॅच
ताई, आमच्याही गेटजवळून लाइन गेली आहे, अन् गाड्या तिथंच उभ्या करून ताडपत्री टाकत होतो. आज सकाळीच जागा बदलली. बाकी काही जमो न जमो, एवढ्यासाठी आभार.

इतवारी_ताडपत्री
250 जीएसएम म्हणून बाजारात 180 विकतात, ते कोणी सांगत नाही.

हिंगणघाटची_ताई
वजन करायचं. 24 बाय 30 म्हणजे 720 चौरस फूट, म्हणजे 67 चौरस मीटर. गुणिले 250, भागिले हजार, 16 किलो 700 च्या पुढंमागं भरली पाहिजे. 12 किलो भरली तर दुकानदाराला तिथंच परत करा. आम्ही काटा सोबत नेतो, इतवारी बाजारात आता ओळखतात मला.

इतवारी_ताडपत्री
आम्ही तसं करत नाही ताई.

पुण्यात_नागपूरकर
भोकांचं मूळ गाठीच्या पट्टीची टोकं असतात. टायरची जुनी ट्यूब कापून कोपऱ्यांवर ठेवा, मग दोर आवळा. नव्या ताडपत्रीचे पैसे वाचतात.
दुसरं, वर चढलेला हमाल बिडी पितो का? कापूस आहे. आमच्या गावी एका गाठीत ठिणगी आतल्या आत धुमसत राहिली अन् दुसऱ्या दिवशी वाटेत गाडी पेटली.

संत्रानगरी_45डिग्री
बिडी नाही तर मग खर्रा (तंबाखू-सुपारी). हमालाला काहीतरी पाह्यजेच ना राजेहो.

वाडीनाका_ड्रायव्हर
खर्रा पुढल्या टपरीवर महाग झाला.

हिंगणा_फॅब्रिकेशन
विषयावर या. चाकाची शिडी. 38 करतो.

नवीन_मेंबर_भंडारा
मला वाटतं दोन छोट्या ताडपत्र्या घ्या, मागची आधी टाका.

हिंगणघाटची_ताई
🙏

बुटीबोरी_मेंटेनन्स
नऊ लाख जास्त वाटत असतील तर बँक लोन मिळतं.

कळमेश्वर_डिस्पॅच
अपडेट देतो, शिव्या द्यायच्या असतील तर द्या.
चाकाची शिडी पाहून आलो, बनावट चांगली होती. पण आमचं अंगण काळ्या मातीवर मुरूम टाकलेलं. रिकामी शिडी ढकलली तर चाक मुरमात रुतलं, वर माणूस असता तर आडवीच झाली असती. म्हणून सेंट्रिंगवाल्याकडून कपलॉक (जोडायच्या लोखंडी पाइपांची परांची) भाड्यानं घेतलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस फुटांची रांग, 9 फुटांवर फळ्या, त्यावर साडेतीन फुटांचं रेलिंग, दोन्ही टोकांना शिडी. महिन्याचं भाडं 16 हजार. सीझनचे तीनच महिने उरले, मग परत. उरलेल्या बारा हजारांत ताईंच्या मापाच्या दोन ताडपत्र्या, वजन करून.
आता गाठीवर कोणी चढत नाही. गुंडाळी एका बाजूच्या फळीवर ठेवतो, दोर पलीकडे फेकतो, पलीकडचे ओढतात. पहिली गाडी 40 मिनिटं, कारण सगळे एकमेकांना शिकवत होते. काल पाचवी गाडी 22 मिनिटांत निघाली.

सेफ्टीवाले_काका
भाड्याचं कपलॉक काळ्या मातीवर? बेस प्लेटखाली (पाइपाच्या पायाच्या पत्र्याखाली) लाकडी फळी घातली का? तिरपे ब्रेसिंग (आधाराचे पाइप) लावले का? पाऊस आला की एक पाय खचतो अन् अख्खी रांग झुकते.

कळमेश्वर_डिस्पॅच
फळ्या घातल्या काका, ब्रेसिंगही आहे. खरं संकट वेगळंच आलं. दुसऱ्याच दिवशी एका ड्रायव्हरनं रिव्हर्समध्ये आरसा पाइपला घासला. वर माणूस नव्हता. आता दोन्ही तोंडांना रेती भरलेले ड्रम ठेवले, गाडी लागून इंजिन बंद होईपर्यंत कोणी वर जात नाही, चावी माझ्याकडे.

वाडीनाका_ड्रायव्हर
तो ड्रायव्हर मी नव्हतो.

इतवारी_ताडपत्री
ताडपत्री कोणत्या दुकानातून घेतली?

संत्रानगरी_45डिग्री
भाऊ, हेच कपलॉक संत्र्याच्या गाडीला चालेल का? सहा चाकी आहे, काटोलहून निघते.