राष्ट्रीय चेंबरची वर्गणी यंदा भरावी का?

भोसरीचा टर्नर

काल कुरियरने जाडजूड पाकीट आलं. वाटलं कुणाची तरी डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याचा कागद असणार. उघडलं तर आमच्या राष्ट्रीय चेंबरचा, म्हणजे उद्योजकांच्या देशपातळीवरच्या संघटनेचा वार्षिक अहवाल, आणि त्यात खुपसलेलं सदस्यत्व नूतनीकरणाचं बिल. बिलावर ‘सात दिवसांत भरावे’. माझी बिलं नव्वद दिवसांनी काढणारी माणसं त्याच अहवालात व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसलेली. (चेंबरचं नाव घेत नाही, विचारू नका.)

माझं दुकान म्हणजे भाड्याची शेड, तीन सीएनसी, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी यंत्रं), अकरा माणसं. प्रोप्रायटरी, म्हणजे कंपनी नाही, मालक मी एकटा. अहवाल चहाबरोबर चाळला. मंत्र्यांसोबत फोटो, परदेशी शिष्टमंडळं, सामंजस्य करार, अर्थसंकल्पपूर्व निवेदन, परत फोटो. लघुउद्योगांना मोजून दोन पानं, त्यातलं एक कार्यशाळेचं.

फोटोंबद्दल माझी तक्रार नाही. २० सप्टेंबर २०१९ आठवा. कंपन्यांचा प्राप्तिकर ३० वरून २२ टक्के झाला. अधिभार-उपकर धरून २५.१७. सरकारनेच सांगितलं की तिजोरीला वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा फटका बसेल. मोठी चेंबरं कितीतरी वर्षं हेच मागत होती. ‘उद्योगजगताची मागणी मान्य’ म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला काय मिळालं? सवलत कंपनीला होती. शेजारच्या शेडमधली भागीदारी फर्म आजही ३० टक्के अधिक उपकर भरते. मग हे उद्योगजगत नेमकं कुणाचं? आणि त्यासाठी वर्गणी मी का भरू?

सांगलीची दळणयंत्रवाली

दादा, राग समजतो, पण तुम्ही चेंबरचं फक्त व्यासपीठ बघताय, खिडकी बघत नाही.

आम्ही मसाला दळायची यंत्रं बनवतो. जर्मनीच्या प्रदर्शनात एक यंत्र न्यायचं होतं. विकायचं नव्हतं, दाखवून परत आणायचं. आता ते तिकडे उतरवताना सीमाशुल्क मागणार, नाहीतर अनामत. परत आणताना इकडचे विचारणार, हे आयात केलंत का? त्यावर उपाय म्हणजे एटीए कार्ने. मालाचा पासपोर्टच म्हणा. एकच पुस्तक, दोन्हीकडे शिक्के, वर्षाच्या आत माल परत. भारतात ते फिक्की हे राष्ट्रीय चेंबर देतं. समजा मी यंत्र तिकडेच विकून हात वर केले, तर तिकडच्या शुल्काची हमी चेंबरांच्या साखळीने घेतलेली असते, म्हणून त्यांचा अधिकारी माझ्यावर विश्वास ठेवतो. नाहीतर सांगलीच्या बाईला तिथे कोण ओळखतं?

तीच गोष्ट उगम प्रमाणपत्राची. माल भारतातच बनला असं परदेशी गिऱ्हाइकाला लिहून द्यायचं काम चेंबरं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. आता अर्ज डीजीएफटीच्या (केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय) पोर्टलवर करायचा, पण देणाऱ्या संस्थांच्या यादीत चेंबरं आहेतच. अहवालात याला एक ओळ मिळते, कारण शिक्का मारणाऱ्या कारकुनाचा फोटो कोण छापणार?

भोसरीचा टर्नर

ताई, कार्नेला हात जोडतो. पण ती सेवा झाली, फी भरून घेतलेली. पासपोर्ट ऑफिसला मी माझा प्रतिनिधी म्हणत नाही.

समोसा समिती

गंभीर चर्चेत व्यत्यय आणतो. वार्षिक सभेला जेवण कसं होतं, तेवढं कुणी सांगेल का? मी वर्गणी त्याच निकषावर भरतो.

चाकण प्रेसशॉप

टर्नरसाहेबांशी सहमत, आणि एक ताजं उदाहरण देतो. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने आयात पोलादी पत्र्यावर आणि कॉइलवर १२ टक्के तात्पुरतं सुरक्षा शुल्क लावलं, २०० दिवसांसाठी. पोलाद कारखान्यांच्या बाजूने बघितलं तर कारण रास्त आहे, बाहेरचा स्वस्त माल धडाधड येत होता. पण मी पत्रा विकत घेऊन ब्रॅकेट काढतो. माझा दर ठरलेला, पत्र्याचा वाढला तर फरक मिळेपर्यंत दोन तिमाह्या जातात.

पोलादवाला चेंबरचा सदस्य, मीही सदस्य. मी फोन केला तेव्हा उत्तर आलं, ‘या विषयावर सदस्यांमध्ये मतभिन्नता असल्याने संस्थेने समतोल भूमिका घेतली आहे.’ समतोल! माझ्या मते याला गप्प बसणं म्हणतात. आणि दोन सदस्य भांडत असताना पंच गप्प बसला की जिंकतो कोण, हे शाळेच्या मैदानावर सगळ्यांनी पाहिलंय.

दिल्लीहून परतलेला

मी एका चेंबरच्या सचिवालयात काही वर्षं घालवली. कुठल्या ते सोडा. दोन्ही बाजूंना थोडं खटकेल असं लिहितो.

बाहेरून वाटतं की वर कुणीतरी ठरवतो आणि मग मोठ्यांचं भलं होतं. प्रत्यक्षात वर्ष असं चालतं. पावसाळा संपता संपता अर्थसंकल्पपूर्व निवेदनासाठी सगळ्या सदस्यांना पत्र जातं: कर, सीमाशुल्क, जीएसटी, कुठे काय अडतंय ते कळवा. सोबत तक्ता असतो. कुठलं कलम, कुठला एचएसएन कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक), आज काय आहे, काय हवं, का हवं, महसुलावर परिणाम किती. मोठ्या कंपनीत कर विभागात माणसं बसलेली असतात; तक्ता भरून येतो, वर प्रकरणं आणि निवाडे जोडलेले. लहान सदस्यांपैकी उत्तर देणारे हाताच्या बोटांवर मोजावेत, आणि त्यातही ‘जीएसटी कमी करा, लई त्रास आहे’ अशी एक ओळ. ती मी अर्थ मंत्रालयाला कशी पाठवू? तिथला अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, कुठलं कलम?

मग डिसेंबरच्या आसपास अर्थमंत्र्यांसोबत बैठक. टेबलाभोवती बरेच जण, प्रत्येकाला काही मिनिटं. अध्यक्ष बोलतो ते त्याच तक्त्यांतून वेचलेलं. नंतर फेब्रुवारीत अर्थसंकल्प, त्या दिवशी संध्याकाळी ‘स्वागत’, मार्चमध्ये वित्त विधेयकातल्या दुरुस्त्यांसाठी पुन्हा धावपळ. खरं काम या शेवटच्या टप्प्यात होतं. एखाद्या अधिसूचनेतला ‘आणि’ काढून ‘किंवा’ घालून घेणं, मुदत तीन महिने पुढे ढकलून घेणं. याचे फोटो नसतात आणि श्रेयही घेता येत नाही. श्रेय घेतलं तर पुढच्या वेळी अधिकारी दार उघडत नाही.

तेव्हा टर्नरसाहेब, मोठ्यांचा आवाज जातो हे खरं. पण एक कारण हेही की ते लिहून पाठवतात.

भोसरीचा टर्नर

म्हणजे दोष आमचाच! अहो, सकाळी आठला सेटर आला नाही की मीच मशिनवर उभा राहतो. एचएसएनचा तक्ता रात्री अकराला भरू? ते तक्ते आमच्याकडून भरून घेणं हेच तर चेंबरचं काम. त्यासाठी माणूस ठेवा. परिषदेतल्या एका जेवणाच्या खर्चात त्याचा वर्षाचा पगार निघेल.

समोसा समिती

जेवणाला हात लावू नका.

हिशेबनीस (सीए, नाशिक)

करकपातीपेक्षा उधारीचा मुद्दा मोठा आहे, आणि चेंबरची खरी कसोटी तिथे लागते.

२००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्यात लिहिलंय: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. हे व्याज मागणारा पुरवठादार मला माझ्या अख्ख्या कारकिर्दीत भेटलेला नाही. मागितलं की व्हेंडर कोड बंद, म्हणजे पुरवठादारांच्या यादीतून नाव बाद. म्हणून सरकारने २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३ब(ह) घातलं. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. पुरवठादाराला तोंड उघडावंच लागत नाही, गिऱ्हाइकाचा लेखापरीक्षकच त्याला विचारतो.

आणि मग गंमत बघा. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘हे कलम पुढे ढकला’ म्हणून निवेदनांचा पाऊस पडला. ओरडणारे नुसते मोठे नव्हते, व्यापारी आणि कापडवाले लहानसुद्धा होते, कारण त्यांना वाटलं की गिऱ्हाईक आपल्याला सोडून उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) नसलेल्याकडे जाईल. काहींची ऑर्डर गेलीही. तेव्हा ‘लहान विरुद्ध मोठे’ इतकं सरळ चित्र नाही. पैसे घेणारा लहान आणि पैसे देणारा लहान यांचंही पटत नाही.

जाता जाता, टर्नरसाहेब, तुमचा गिऱ्हाईक जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, उशिरा काढतो का?

भोसरीचा टर्नर

काढतो म्हणजे? माल उतरून तीन आठवडे होतात तरी ‘क्वालिटीकडे आहे’. मग म्हणतात दिवस जीआरएनपासून मोजा.

हिशेबनीस (सीए, नाशिक)

साफ खोटं. कायद्याप्रमाणे दिवस माल पोचल्यापासून मोजायचे. १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तरच तारीख पुढे जाते. तोंडी ‘क्वालिटीकडे आहे’ चालत नाही. पोच असलेलं चलान जपून ठेवा.

हे तुम्हाला चेंबरने सांगायला हवं होतं, एवढं मात्र मान्य.

श्टुटगार्टचा पुणेकर

इथली पद्धत सांगतो. जर्मनीत चेंबरचं सदस्यत्व ऐच्छिक नाही, धंदा नोंदला की कायद्यानेच तुम्ही सदस्य. वर्गणी नफ्याच्या प्रमाणात, अगदी छोट्या, व्यापारी नोंदवहीत नसलेल्या माणसाला वर्षाला ५,२०० युरोपर्यंतच्या नफ्यावर माफ. २०१७ मध्ये घटना न्यायालयानेही ही सक्ती वैध ठरवली. बदल्यात चेंबर शिकाऊ कामगारांच्या परीक्षा घेतं; टर्नरच्या प्रमाणपत्रावर शिक्का चेंबरचाच. आणि निवडणुकीत छोट्या दुकानदाराचं मत आणि मोटार कंपनीचं मत, दोन्ही एकेकच. आपल्याकडे असं केलं तर टर्नरसाहेबांचा प्रश्नच मिटेल.

चाकण प्रेसशॉप

जीएसटी, पीएफ, ईएसआयसी, व्यवसाय कर, एमआयडीसीचे आकार, प्रदूषण मंडळाची संमती. त्यावर आणखी एक सक्तीची वर्गणी? साहेब, तुम्ही तिकडेच राहा.

सांगलीची दळणयंत्रवाली

आणि एकेक मत मिळालं म्हणून सगळं सुरळीत होतं असंही नाही ना? हांबुर्गचं काय झालं? आमच्या तिकडच्या एजंटने सांगितलं होतं.

श्टुटगार्टचा पुणेकर

ताईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. २०१७ मध्ये हांबुर्गच्या चेंबरमध्ये बंडखोर गटाने ५८ पैकी ५५ जागा जिंकल्या. बहुतेक लहान धंदेवाले, घोषणा एकच: सक्तीची वर्गणी बंद करू. सत्ता आल्यावर कळलं की परीक्षा, सल्ला, कर्मचारी सगळं त्या वर्गणीवरच चालतं. वचन पाळता आलं नाही, आपसात फाटाफूट झाली, अध्यक्षाने २०१८ च्या अखेरीस राजीनामा दिला. तरीही मी म्हणेन, त्यांना निदान चेंबर जिंकून तरी बघता आलं.

जुनी दप्तरं

जिंकायची दुसरी रीत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच वापरून झाली आहे. १९२० पासून असोचेम हे राष्ट्रीय चेंबर होतं, पण त्यात वजन इंग्रज कंपन्यांचं. रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स ठेवावा की सहा, यावर १९२६ मध्ये चलन आयोगात मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी एकट्याने चार पेन्सच्या बाजूने भिन्नमत नोंदवलं. सहा पेन्सने बाहेरचा माल इथे स्वस्त पडणार होता, फायदा आयात करणाऱ्यांचा होता. म्हणजे चाकणच्या पत्र्याचंच भांडण, उलट बाजूने. त्यांचं ऐकलं गेलं नाही. पण १९२७ मध्ये ते आणि घनश्यामदास बिर्ला यांनी फिक्की उभी केली. त्याच वर्षी वालचंद हिराचंदांनी मुंबईत महाराष्ट्र चेंबर काढलं, आणि १९३४ मध्ये पुण्यात मराठा चेंबर निघालं. दुसऱ्याच्या चेंबरमध्ये आपला आवाज निघेना म्हणून लोकांनी आपापली चेंबरं काढली.

दिल्लीहून परतलेला

आणि मग त्या चेंबरमध्येही मोठे झाले ते पुढच्या रांगेत बसले. रांग बदलते, खुर्च्या त्याच.

एक मात्र कबूल करतो. मोठ्यांनाही चेंबरमधून मोकळं बोलता येतं असं समजू नका. ३० नोव्हेंबर २०१९ ला मुंबईत गृहमंत्र्यांसमोर राहुल बजाज उभे राहिले आणि म्हणाले की उद्योजक सरकारवर टीका करायला घाबरतात. दोनदा या देशातल्या मोठ्या उद्योगसंघटनेचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस. पण बोलला तो पुरस्कार सोहळ्यात, स्वतःच्या नावावर. तसं वाक्य कुठल्याही निवेदनात मी टाइप केलेलं नाही, आणि केलं असतं तरी वर गेलं नसतं.

भोसरीचा टर्नर

मग निर्भीडपणा मागत नाही, दोन गोष्टी मागतो. एक, पुढच्या अहवालात छापा की सदस्यांपैकी कुणी आपल्या पुरवठादारांना किती दिवसांत पैसे दिले. सदस्यच तर आहेत, विचारा त्यांना. दोन, ट्रेड्सबद्दल, म्हणजे लहानांची बिलं मुदतीआधी वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेबद्दल. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांनी तिथे नोंदणी करायची सक्ती झाली, ३१ मार्च २०२५ ची मुदतही गेली. माझ्या मोठ्या गिऱ्हाइकाने नोंदणी केली. पण बिल ‘स्वीकारलं’ म्हणायचं बटण त्याच्या हातात, आणि ते तो दाबत नाही. दुकान उघडलं, शटर अर्धं खाली.

दिल्लीहून परतलेला

पहिली मागणी कार्यकारिणीत पडेल, लिहून ठेवा. दुसरी जाऊ शकते. तक्त्यात बसते, महसुलाला धक्का नाही, आणि मोठ्यांपैकीही काहींना हवीच आहे.

भोसरीचा टर्नर

मग तक्ता पाठवा. रविवारी भरतो. वर्गणी मात्र त्यांची पोच आल्यावर.

हिशेबनीस (सीए, नाशिक)

पाठवण्याआधी मला दाखवा, फी नको. लेटरहेडवर उद्यम क्रमांक टाका आणि ‘लई त्रास आहे’ लिहू नका.