गोअन क्लासिक ३५०: चॉपरचा स्वभाव की नुसता पेहराव?

संथवाहन (धागालेखक):
रॉयल एनफील्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात वागातोरच्या मेळाव्यात गोअन क्लासिक ३५० ही मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हापासून आमच्या मंडळींत तिच्याविषयी एकच वाक्य ऐकू येते: ‘ही तर कपडे बदललेली क्लासिक आहे.’ म्हणजे कंपनीची आधीचीच क्लासिक ३५०, वर चॉपरचा (उंच हँडलाच्या, कापून बदललेल्या मोटारसायकलीचा) नुसता पेहराव. इंजिन तेच आहे, हे मान्य: ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, २७ न्यूटन मीटर. परंतु गाडीचा स्वभाव इंजिनात जेवढा असतो, तेवढाच ती स्वाराला कशी बसवते यातही असतो, असे माझे मत आहे. क्लासिकचे सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटरवर आहे, हिचे ७५० वर. फुटरेस्ट पुढे सरकले आहेत आणि मुठी जवळजवळ खांद्याच्या रेषेत आल्या आहेत.

मागच्या महिन्यात एका मित्राची गाडी घेऊन मी सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला गेलो. ताशी साठ-पासष्टच्या वेगात इंजिन जेमतेम कुजबुजत होते, दोन्ही बाजूंच्या काजूच्या बागा नीट पाहता येत होत्या, आणि सत्तर ओलांडताच वारा छातीवर आदळून जॅकेटच्या बाह्या शिडासारख्या फुगू लागल्या. ऐंशीला पोहोचल्यावर मी हँडल धरले आहे की हँडलाला लोंबकळलो आहे, असा प्रश्न पडला आणि हात आपोआप सैल झाला. सावकाश जाण्याचा उपदेश बाकीच्या गाड्या करतात. ही गाडी तो अमलात आणते. ही उणीव आहे असे मला वाटत नाही. आपले मत काय?

वळणवेडा:
सावंतवाडी ते वेंगुर्ला या रस्त्याला चढउतार असले तरी तो घाट नव्हे. आपण त्याच दिवशी उलट दिशेने आंबोली चढला असता, तर हा धागा वेगळ्या शब्दांत लिहिला असता. उंच आणि मागे वळलेल्या हँडलाची गाडी आखूड वळणावर उजवीकडे घातली, की उजवी मूठ पोटाशी येते आणि डावा हात कोपरातून पूर्ण ताणला जातो. नेमक्या अशा क्षणी समोरून उसाची ट्रॉली आली, तर क्लच आणि तोल दोन्ही त्या ताणलेल्या हाताने सांभाळायचे असतात. पाय पुढे असल्यामुळे खड्डा दिसला तरी फुटरेस्टवर भार देऊन किंचित उठण्याची सोय राहत नाही. पाठीचा आणि माकडहाडाचा हिशेब तेथेच सुरू होतो. माझ्याकडे पूर्वी अशाच बैठकीची एक गाडी होती. तिचे नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता, बैठकीचा होता. चार वर्षांत मी तिच्यावरून एकही लांबचा प्रवास आनंदाने केला नाही.

शिवाय त्याच कंपनीची, त्याच इंजिनाची मीटिऑर ३५० असताना हा खटाटोप कशासाठी? तिचे सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, टाकीत १५ लिटर पेट्रोल मावते (हिच्यात १३), आणि मागचा माणूस माणसासारखा बसतो. पांढऱ्या पट्ट्यांच्या टायरसाठी एवढे सोडायचे असेल, तर त्याला स्वभाव म्हणू नये, हौस म्हणावे.

मोजपट्टी:
धाग्याच्या शीर्षकात ‘चॉपर’ हा शब्द फार सैलपणे वापरला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तरुणांनी जुन्या हार्ली-डेव्हिडसन गाड्यांचे मडगार्ड छाटून आणि अनावश्यक भार काढून ज्या हलक्या गाड्या केल्या, त्या बॉबर. चॉपर ही पुढची पायरी आहे: १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात लोकांनी फ्रेमची मान (हँडल जेथे बसते तो भाग) कापून तिचा कोन वाढवला, पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारे दांडे) लांबवला, आणि त्या कापाकापीवरून हे नाव पडले. कोन वाढला की हँडलाचा आस जमिनीला जेथे मिळतो तो बिंदू आणि टायर टेकतो तो बिंदू यांतले अंतर वाढते; त्यामुळे सरळ रस्त्यावर चाक हलवल्याशिवाय हलत नाही, मात्र गर्दीत अगदी हळू जाताना तेच चाक स्वतःहून एका बाजूला कलंडू पाहते. खरा ‘चॉपरचा स्वभाव’ तो.

गोअन क्लासिकमध्ये यातले फारसे काही नाही. फोर्क पुढे झुकला की दोन चाकांतले अंतरही वाढते; तिचे ते अंतर १४०० मिलिमीटर आहे, क्लासिकपेक्षा अवघे १० मिलिमीटर जास्त. आपल्या आकुर्डीच्या बजाजची ॲव्हेंजर २२० याबाबतीत चॉपरच्या कितीतरी जवळ जाते, कारण तिचे हेच अंतर १४९० मिलिमीटर आहे आणि फोर्कही उघडपणे पुढे झुकलेला आहे. तेव्हा गोअन क्लासिकला बॉबर म्हणा. चॉपरचे तिच्याकडे फक्त हँडल आहे. माझ्या लेखी हे चांगलेच झाले, कारण १९७ किलोची गाडी बाजारपेठेतल्या गर्दीत कलंडू लागली असती, तर वळणवेडा यांची तक्रार माकडहाडापुरती राहिली नसती.

संथवाहन:
मोजपट्टी, शब्दाची चूक मान्य करतो. परंतु वळणवेडा, मीटिऑरचा दाखला मला पटत नाही. ती दोघांना घेऊन रत्नागिरीला जाण्याची गाडी आहे. ही संध्याकाळी एकट्याने बाहेर पडण्याची आहे. आणि आऱ्यांची चाके असूनही टायर ट्यूबलेस दिले आहेत, ही निव्वळ हौस नव्हे: पूर्वी आऱ्यांच्या चाकाला खिळा लागला, की चाक उतरवून ट्यूब बाहेर काढण्यात दुपार जात असे.

म्हापसेकार:
गोव्याचे नाव घेतल्यामुळे लिहितो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हणजुणला येऊन राहिलेल्या हिप्पींनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी गाड्यांची हँडले उंच केली, सीटे छाटली, टाक्या रंगवल्या. कंपनीने ती आठवण उचलली, याला माझी हरकत नाही. पण गोंयकाराला विचाराल, तर आमची मोटारसायकल म्हणजे पायलटाची, म्हणजे भाड्याने मोटारसायकल चालवणाऱ्याची: पिवळ्या मडगार्डची, आणि मागे भाडे देणारा उतारू, त्याच्या मांडीवर बाजाराची पिशवी. ज्या गाडीचे मागचे सीट सुटे करून घरी ठेवता येते, तिला ‘गोअन’ म्हणताना मला हसू येते. बाकी गाडी देखणी आहे. समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर ती शोभते; चोर्ला घाटात मी माझी जुनी स्कूटरच काढीन.

डबलसीट:
संथवाहन यांनी वेंगुर्ल्याला नेलेली गाडी आमची आहे, म्हणून मागच्या सीटच्या वतीने दोन शब्द. ते सीट बशीएवढे आहे. त्यावर मी एकदाच बसले; पुढच्याच्या पाठीला टेकावे तर त्याचे दोन्ही हात वर, त्यामुळे त्याच्या काखेतून येणारा वारा थेट माझ्या तोंडावर. सध्या ते सीट काढून कपाटावर ठेवले आहे आणि त्यावर दिवाळीचा आकाशकंदील ठेवला आहे. स्वभाव, बैठक, कोन हे सारे आपण जरूर ठरवावे. परवा सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे होते, तेव्हा दारात ही गाडी उभी असताना मी रिक्षा बोलावली.

संथवाहन:
वहिनी, रविवारी स्पॅनर घेऊन येतो आणि सीट बसवून देतो. आकाशकंदील तेवढा आधी उतरवून ठेवा.