हुकलेला अपघात कोणाच्या मालकीचा?

वैनगंगा:
नागपुरात सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला. त्यात इंटेल आणि महिंद्रा या कंपन्या, हैदराबादची ट्रिपल आयटी ही शिक्षणसंस्था, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि नागपूर महापालिका एकत्र आल्या. शहर बसच्या समोरच्या काचेवर कॅमेरा लावायचा. पुढच्या गाडीशी अंतर फार कमी झालं, लेन सुटली किंवा माणूस आडवा आला, की चालकाला आवाजाने सावध करायचं, अशी ही योजना.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. इशारा कुठे वाजला याची नोंद राहते आणि त्यावरून शहरातले ‘ग्रे स्पॉट’, म्हणजे पुढे अपघात होऊ शकेल अशा जागा, कळतात. आपल्याकडे ‘ब्लॅक स्पॉट’ कधी ठरतो? ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाल्यावर. म्हणजे आधी माणसं जायची, मग ती जागा सरकारी कागदावर यायची. जे थोडक्यात बचावले त्यांची नोंद आजवर कोणी ठेवलेली नाही. कंपन्यांच्या पैशाने का होईना, ती होत असेल तर मी तिच्या बाजूने आहे. तुमचं मत सांगा.

गॅरेजवाला:
ताई, माझा सरळ विरोध आहे. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले शंभरात चव्वेचाळीसच्या वर दुचाकीवरचे. कॅमेरा मात्र लागतो बसगाड्यांना, कारला. दुचाकीवाल्याकडून कमाई नाही, म्हणून त्याच्यावर संशोधनही नाही.

माझ्याकडे रोज गाड्या येतात. मागचं चाक काढलं की ब्रेकशू काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. बदला म्हटलं तर उत्तर येतं, ‘चालते ना भाऊ अजून, पुढच्या महिन्यात बघू.’ टायरची नक्षी पार गेलेली, आणि मागे दोन लेकरं बसलेली. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं यंत्र, मिळालं ते कायदा झाला म्हणून. कंपन्या एकत्र बसून चहा प्यायल्या म्हणून नाही. सरकारने नियम करावा, कंपनीने पाळावा. सहकार्य-बिहकार्य कशाला?

रोजची_पाळी:
आमच्या स्टाफबसमध्ये तसलंच यंत्र आहे. मी चालकाच्या मागच्या सीटवर बसते. सकाळच्या गर्दीत ते इतक्या वेळा वाजतं की आमच्या चालककाकांनी स्पीकरवर फडकं कोंबलंय. मी विचारलं तर म्हणाले, ‘बेटा, मी अंतर ठेवलं की तीन स्कूटर मधे घुसतात. मग हे मलाच ओरडतं.’ काका बावीस वर्षं गाडी चालवतात आणि त्यांच्यात हयगय अजिबात नाही. यंत्र आपल्या रस्त्यावरच्या वागण्याला बेतलेलं नसेल, तर त्या आवाजाचा त्रासच होतो. त्यामुळे इशाऱ्यांच्या नोंदीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कुठे धोका आहे आणि कुठे नुसती गर्दी, हे त्या आकड्यांतून आपोआप कळत नाही.

घाटावरचा:
मी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आठवड्यातून दोनदा असतो. २०१६ साली त्या रस्त्यावर १५१ जण दगावले. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ता सुरक्षेवर काम करणारी संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महिंद्रा यांनी मिळून तिथे शून्य मृत्यूचं काम हाती घेतलं. एकेका अपघाताची जागा जाऊन तपासली. गाडी कशावर आदळली, कडेला काय उघडं होतं, ट्रक कुठे उभा होता, हे सगळं पाहिलं. पुलाच्या खांबांपुढे क्रॅश बॅरियर आले. पुढच्या काही वर्षांत मृत्यू शंभराच्या आत आले.

गॅरेजवाले भाऊ, यात महागडं यंत्र फारसं नव्हतं. पैसा कंपनीचा आणि अभ्यास संस्थेचा असला, तरी रस्ता ज्याचा तो मालक कामाला लागला, म्हणून फरक पडला. सहकार्य एवढं जरी झालं तरी मला चालेल.

गॅरेजवाला:
तो टोलचा रस्ता, त्याला मालक एकच. शहरातल्या चौकाचं काय? डांबर महापालिकेचं, सिग्नल कोणाचा, खोदकाम तिसऱ्याचं, आणि फुटपाथवर चौथा. इशारा शंभरदा वाजला तरी पट्टे मारायला कोण येणार?

वैनगंगा:
हा मुद्दा मी खोडून काढू शकत नाही. माझे मामा अशाच एका चौकात गेले. दुभाजक तुटलेला होता आणि त्या फटीतून सगळेच वळायचे. तेराव्यानंतर मी तिथे जाऊन उभी राहिले. वीस मिनिटांत चार गाड्या करकचून थांबताना पाहिल्या. पानटपरीवाला म्हणाला, ‘हे तर रोजचंच आहे.’ त्याला सगळं ठाऊक होतं, फक्त विचारायला कोणी आलं नव्हतं. म्हणून मला ती नोंद हवी आहे. पानटपरीवाल्याच्या बोलण्यावर अर्ज करता येत नाही, आकड्यावर करता येतो.

पण ती नोंद कंपनीच्या कपाटात राहू नये. व्होल्वोने १९५९ साली तीन ठिकाणी धरणारा सीटबेल्ट आणला आणि पेटंट दुसऱ्या कंपन्यांना खुलं ठेवलं. ग्रे स्पॉटच्या नकाशांचंही तसंच व्हावं. शहराच्या रस्त्यावर, शहराच्या बसमधून जमवलेली माहिती शहराची. वॉर्डातल्या कोणालाही ती बघता यावी, तारखेसकट.

रोजची_पाळी:
आणि सोबत चालकांचं म्हणणंही छापा. आमचे काका नुसत्या आवाजावरून सांगतात, कुठला इशारा खरा आणि कुठला गर्दीचा. त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही.

घाटावरचा:
हे पटलं. द्रुतगतीवर ट्रकचालकांशी बोलल्याशिवाय ते रात्री कडेला का थांबतात, हे कळलंच नसतं. नुसता दंड करून ट्रक हलत नाहीत, आधी थांबायला जागा लागते.

गॅरेजवाला:
माहिती खुली करणार असतील तर माझा अर्धा विरोध मागे. अर्धा राहील, कारण दुचाकीवाल्याचा ब्रेक त्यात कुठेच नाही. पुढचा प्रकल्प निघाला तर आधी ११० सीसीच्या गाड्या धरा म्हणावं.

माझ्या दुकानासमोरच्या वळणावर टँकरमधून ऑइल गळतं. पहिल्या पावसात तिथे गाड्या हमखास घसरतात. मागच्या आठवड्यात एक कॉलेजची पोरगी पडली. कोपर फुटलं, हेल्मेटमुळे डोकं वाचलं. आता दोन पोती रेती शटरपाशी ठेवली आहे, भुरभुर सुरू झाली की पोरगा जाऊन टाकतो. ताई, अर्ज तुम्ही लिहून द्या. तारखा माझ्या वहीत आहेत, जूनपासूनच्या.

वैनगंगा:
पाठवा. आज रात्रीच लिहिते.