उत्तर: बसल्यावर ड्रिंक विचारलं नाही, तक्रार करावी का?

दादा, इंदूर-दिल्ली टप्प्यात बिझनेस क्लास असूनही वाइन मिळाली नाही, याची तक्रार नका करू. देशांतर्गत विमानात दारू देतच नाहीत, तिकीट कितीचंही असो. पण शिकागोहून परतताना टेकऑफआधी सीटवर बसल्यावर देतात ते ड्रिंक सोडाच, साधं पाणीही आलं नाही, हे मात्र जरूर लिहा.

आमच्या आईच्या प्रवासात बोर्डिंगच उशिरा सुरू झालं. ड्रिंकचा ट्रे दुसऱ्या रांगेपर्यंत आला, तेवढ्यात दारं बंद व्हायची घोषणा, आणि ट्रे तसाच मागे. टेकऑफआधी सगळे ग्लास गोळा करून गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) बंद करावी लागते, त्यामुळे वेळ कमी पडला की पहिली काट या ड्रिंकलाच. अमेरिकी विमान कंपन्यांत आणखी एक भानगड: क्रूचा तासांचा पगार वर्षानुवर्षं विमानाचं दार लागल्यावर सुरू व्हायचा, म्हणजे बोर्डिंगचं काम फुकट. डेल्टाने २०२२ मध्ये बोर्डिंगचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेही अर्ध्या दराने. फुकटात तर आपला इंदूरच्या सराफ्यातला शिकंजीवालाही ग्लास भरत नाही!

मेलमध्ये तारीख, फ्लाइट नंबर, सीट नंबर आणि काय मिळालं नाही, एवढंच. क्रूच्या वागण्यावर निबंध नको. पैसे परत मागण्यापेक्षा माइल्स (कंपनीचे प्रवास-पॉइंट) मागा, ते द्यायला फार खळखळ करत नाहीत.